आम्ही काटक नाही

आमच्या गावाचा रस्ता खणला गेला तो माझ्याच चुलतभावाच्या जेसीबीनं. राजुरीकडून येणारी डांबरी वाट ओढ्याजवळ गावात शिरते, तिथं त्यानं आडवा चर पाडला, उपसलेली माती गावाकडच्या काठाला रचली आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. टाळेबंदीचे ते सुरुवातीचे आठवडे होते. दुधाचे कॅन, टोमॅटोचे क्रेट चरापर्यंत आणायचे, फळीवरून पलीकडे न्यायचे आणि उभ्या टेम्पोत चढवायचे, अशी रीत पडली होती. बाकी कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. मी चुलतभावाला विचारलं, "एवढा खोल कशाला?"

"ताई, आजार लई मोठा हाये. चर बी मोठाच पायजे."

मी नुकतीच पुण्याहून घरी आले होते. कॉलेज बंद पडलं, आणि एका खोलीत एकटीनं कोंडून घेण्यापेक्षा आईवडिलांजवळ राहावं म्हणून मिळेल त्या गाडीनं आले. मी जैविक मानवशास्त्र शिकवते. हा शब्द घरात कुणाला सांगायची वेळ आली की म्हणते, माणसाच्या हाडांवरून आणि दातांवरून त्याच्या आयुष्यात काय काय घडलं ते वाचायचं शास्त्र. आई म्हणते, "म्हंजे मसणातलं ज्योतिष."

आमचं घराणं मेंढरांमागचं. आजोबांपर्यंत सगळे पायी फिरले. वडिलांनी मेंढरं विकली, विहीर पाडली, टोमॅटो लावले आणि नारायणगावच्या बाजारात क्रेट पाठवायला लागले. पण त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, मेंढरांच्याच घरात दिली आणि ती अजून मेंढरांमागेच आहे. दिवाळी झाली की ती आणि तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणतो, माळशेज उतरून कोकणात जातात. तिथल्या भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवतात आणि ऊन तापलं की घाट चढून परत येतात.

त्या वर्षी आत्याचा फोन आला तो ओतूरच्या अलीकडून. "पोलिसांनी घाट चढू दिला गं. मेंढरांना पास लागत न्हाई म्हणाले, हसले बी. पर गावागावानं वाट बदलाया लावली. एका गावात तर आमाला बघून बाया दारं लावत व्हत्या. आपल्या गावात तर घेत्याल ना?"

मी म्हणाले, "आपलं गाव आहे आत्या. का नाही घेणार?"

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आत्या, मामा, त्यांच्याबरोबरची आणखी एक जोडी, बिऱ्हाड लादलेली घोडी आणि मेंढरं. चराच्या पलीकडे धूळ उठली तशी अलीकडे माणसं जमली. सरपंच पुढे झाला. तो माझ्या वर्गातला. तोंडाला टॉवेल गुंडाळून तो फळीच्या टोकाशी उभा राहिला आणि वडिलांकडे न बघता म्हणाला, "नियम म्हंजे नियम. बाहेरून आलेलं कुणी आत न्हाई."

वडील म्हणाले, "आरं, ती बाहेरची न्हाई. माझी बहीण हाये."

"मला म्हाईत हाये, तात्या. पर कोकणातून आली ना? मुंबय किती लांब हाये तिथून?"

मागून कुणीतरी म्हणालं, "जनावरांतूनच आलाय ह्यो रोग. टीव्हीवर दाखवलंय. आन ह्ये तर जनावरांतच झोपत्यात."

वेगळं राहायला आमची ना नव्हती, हे मला आजही नीट सांगायचं आहे. आत्या स्वतःच म्हणाली, "आमी माळावरच ऱ्हातो. आमाला कुठं तुमच्या माडीवर यायचंय?" प्रश्न पाण्याचा होता. माळाखाली पाझर तलाव आहे. उन्हाळ्यात मेंढरांचं सगळं पाणी तिथं. सरपंचानं सांगितलं, तळ्याकडे फिरकायचं नाही, पाणी खराब झालं तर गाव मरेल. तळ्यावर दोघं जण काठ्या घेऊन बसवलेसुद्धा होते. मी म्हणाले, "पाण्यातून हा आजार येत नाही. आणि मेंढरांतूनही नाही. तुझ्या गोठ्यात चार म्हशी आहेत, त्यांच्यापासून लांब झोपतोस का तू?"

काहीजण हसले. सरपंच चिडला. "ताई, तू शिकलेली हायेस, मान्य हाये. पर गावाची जबाबदारी माझ्यावर हाये."

"मग त्या दिवशी मळ्याच्या वाटेनं दुचाकीवर तुझा मेहुणा मुंबईहून आला, तेव्हा ही जबाबदारी कुठं होती?"

 तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं, अगदी समजुतीच्या सुरात, आत्याला ऐकवलं, "अगं बाई, तुमी काटक माणसं. तुमाला कुठं काय व्हतंय? ऊनवारा खाल्लेली हाडं तुमची. चार दिस दूरवरनं पाणी आणा की."

मला जे झोंबलं ते हे. आजार पसरवणार म्हणून तुम्ही आत यायचं नाही, आणि तुम्हाला आजार होतच नाही म्हणून तुम्हाला पाणीही नको. एकाच फळीवर उभं राहून, एकाच श्वासात दोन्ही. गेली कितीतरी वर्षं हेच सरपंच, हेच म्हातारे मेंढरं शेतात बसवायला मामांना आवतण द्यायचे. लेंडीखतानं वावर काळंभोर व्हायचं. तेव्हा मेंढरू लक्ष्मी होतं.

मी घरात गेले, पिशवीत दोन कपडे कोंबले, आणि फळी ओलांडून पलीकडे गेले. आई ओरडली, "अगं कुठं चाललीस?" मी म्हणाले, "ज्यांना पाणी नाही त्यांच्यात." सरपंच म्हणाला, "ताई, मंग तुला बी लगीच आत येता यायचं न्हाई." मी म्हणाले, "विचारलंय कोणी?"

रागाच्या भरात मोठं पाऊल टाकलं खरं, पण माळावर पोचेपर्यंत चप्पल तुटली होती आणि आत्या वैतागली होती. "तुला कुणी सांगितलं व्हतं? तुला जमायचं न्हाई हितं. आता तुझ्या भाकरी बी मलाच थापाव्या लागत्याल."

वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं दोरीच्या जाळीचं कुंपण. ते लावायला मी मदत करायला गेले, तर माझ्या गाठी बघून मामांनी त्या निमूटपणे सोडल्या आणि परत मारल्या.

पाण्याचा निकाल आत्यानंच लावला. भर दुपारी तिनं मेंढरं उठवली. मामा म्हणाले, "भांडणं व्हत्याल." ती म्हणाली, "व्हऊ दे. तहानेनं कोकरू मेल्यावर काय, त्येंच्याशी गोड बोलू?" ती पुढे, मधे मेंढरं, मागे मी आणि मामा, असे आम्ही तळ्याकडे उतरलो. लपूनछपून नाही, गावातून दिसेल असं, उघड्या उतरणीवरून. तळ्यावरचे दोघं उठून उभे राहिले. आत्या त्यांच्यासमोर जाऊन थांबली आणि म्हणाली, "मार काठी. पयली मला मार, मंग मेंढराला." दोघांतला एक आमच्याच भावकीतला होता. त्यानं काठी खाली टाकली नाही, पण बाजूला सरकला. मेंढरांना तेवढी वाट पुरली. त्यांनी तळ्याच्या काठाला तोंडं लावली आणि कितीतरी वेळ नुसता पाणी पिण्याचा आवाज येत राहिला.

सरपंच धावत आला. "मी गुन्हा दाखल करीन!"

"कर," मी म्हणाले. "फिर्यादीत लिही, मेंढरं पाणी प्याली. मी साक्ष द्यायला येते."

त्यानं गुन्हा दाखल केला नाही. दुसऱ्या दिवशी तळ्यावर कुणी बसलंही नाही. माझ्या बोलण्याचा परिणाम म्हणावा, तर तसं नव्हतं. त्या संध्याकाळी गावातल्या काही बायकांनी सरपंचाच्या आईला गाठून सांगितलं होतं की मुक्या जनावराचं पाणी तोडणाऱ्या घरी आम्ही हळदीकुंकवाला येणार नाही. हे मला आईकडून नंतर कळलं. त्या बायकांमध्ये आईही होती.

वडील रोज संध्याकाळी चराच्या अलीकडे येऊन बसायचे, आम्ही पलीकडे. मोठ्यानं बोलावं लागायचं, त्यामुळे आमच्या घरच्या गप्पा अर्ध्या गावाला ऐकू जायच्या. एकदा वडील म्हणाले, "तुमी बसलाय ना, त्याच माळावर आख्खं गाव येऊन ऱ्हायलं व्हतं. पलेगात." त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलेलं. घरात उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप लावून माळावर यायचे आणि कडब्याच्या झोपड्या घालायचे. पाटलापासून सगळे. उघड्यावर राहायचं कसं, वाऱ्याला पाठ कुठली द्यायची, विंचवापासून पोरं कशी जपायची, हे कुणाला ठाऊक नव्हतं. "आपली माणसं तर आधीपसूनच उघड्यावर व्हती. त्यांनी शिकवलं. दूध दिलं. पुढं मानमोडी आली तवा मात्र काय चाललं न्हाई. ती वाऱ्यावरनं यायची. चितेचं सरपण संपलं म्हनं."

मानमोडी म्हणजे त्या काळची तापाची साथ. पहिलं महायुद्ध संपता संपता आलेली. जुन्नरजवळच्या लेण्यांच्या डोंगरालाही मानमोडीच म्हणतात. दोन्ही नावांचा संबंध नाही, तरी लहानपणी मला वाटायचं की तो आजार त्या डोंगरावरूनच खाली उतरला.

मी हे सगळं वर्गात शिकवत आले होते, पण फळ्यावर. माणूस लहान लहान टोळ्यांनी फिरत होता तोवर गर्दीचे आजार त्याच्यात टिकत नव्हते. दहा-वीस जणांत ताप आला, फिरला आणि विझला. मग माणसानं शेत धरलं, कणगी भरली, कणगीपाशी उंदीर आले, गोठे घराला चिकटले, घरं एकमेकांना चिकटली आणि साथीला हवं ते सगळं मिळालं. जनावरांतून माणसात आजार आले, हे खरंच आहे. पण ते आले गोठ्यात, बाजारात, बंदरात, जिथं सगळ्यांची गर्दी होते तिथं. ते एका जातीच्या घोंगडीत बसून आले नाहीत. वर्गात हे सांगताना मी कधी आवाज चढवला नव्हता. माळावर बसल्यावर कळलं की चढवायला हवा होता.

माझ्या विषयाचं आणखी एक सांगायला हवं. या विषयाचे पूर्वज आमच्यासारख्यांची नाकं आणि कवट्या मोजत गावोगाव फिरले. कोण उच्च, कोण नीच, कोण जन्मतः चोर, कोण जन्मतः काटक, हे त्यांनी मोजपट्टीनं ठरवलं. ती मोजमापं कधीच खोटी ठरली, पण त्यांतून निघालेले शब्द माणसांच्या तोंडात राहून गेले. त्या म्हाताऱ्यानं आत्याला जे ऐकवलं ते त्याचं स्वतःचं नव्हतं. कुणीतरी कधीतरी त्याच्या तोंडात घातलेलं होतं.

आत्या सकाळी दगडावर बसून मिसरी लावायची. एकदा ती चूळ भरून माझ्याकडे बघून हसली, आणि उन्हात मला तिचे पुढचे दात दिसले. त्यांवर आडवी खाच होती. बारीक, पण स्पष्ट. मी तिची हनुवटी धरली.

"काय गं? मेंढरू हाये का मी, वय बघतीस?"

"आत्या, तू लहान असताना खूप आजारी पडली होतीस का? तीन-चार वर्षांची असशील."

तिनं हात झटकला. "मला काय आठवतंय? दुस्काळ व्हता तवा. बहात्तरचा. दादा म्हनतो, मी चालायची बंद झाले व्हते. सुकडी खाऊन उठले परत."

दात घडत असताना अन्न तुटलं किंवा मोठं आजारपण आलं की दाताची वाढ थांबते, आणि परत सुरू होताना अशी रेघ ठेवून जाते. ती मरेपर्यंत मिटत नाही. मेल्यावरही नाही. जुन्या साथींत मेलेल्यांचे सांगाडे तपासणाऱ्यांना दिसलं आहे की साथ आंधळी नसते. ज्यांच्या हाडादातांवर आधीच उपासमार लिहिलेली असते, त्यांना ती जास्त करून नेते. आमच्या अंगात जातीचं काटकपण नाही. आमच्या अंगात जे झालं ते आहे. मी हे आत्याला सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग जा की, त्या म्हाताऱ्याला माजं दात दाखव."

बाहेरून आलेल्यांनी वेगळं राहायची, गावाच्या समितीनं ठरवलेली मुदत संपली. माळावर कुणाला शिंकही आली नव्हती. पण मी घरी परतायच्या आत गावात ताप निघाला, आणि पहिल्या चौघांत माझे वडील होते.

आईचा फोन आला तेव्हा टळटळीत दुपार होती. वडिलांना दम लागला होता, बोलता येत नव्हतं. रुग्णवाहिका आली, पण चरापलीकडे थांबली. जेसीबी गावात नव्हता. चुलतभाऊ तो शेतांतून बाहेर काढून दुसरीकडे कामाला गेला होता. गावातली माणसं आपापल्या ओट्यावर उभी होती. वडिलांना उचलायला कुणी पुढे येत नव्हतं, आणि मी त्यांनाही दोष देत नाही. भीती खरी होती. मामा आणि त्यांचा जोडीदार माळावरून घोंगडं घेऊन पळत आले. नाकातोंडाला फेट्याचे पदर बांधले, फळी ओलांडून सरळ घरात शिरले आणि वडिलांना घोंगड्यात घालून झोळीसारखं उचललं. फळीवर दोघं मावेनात, म्हणून मामा चरात उतरले आणि खालून वडिलांची पाठ धरून त्यांनी त्यांना पलीकडे दिलं. त्या लोकांनी, ज्यांना अलीकडे यायची बंदी होती.

संध्याकाळी चुलतभाऊ परत आला.  त्यानं आल्या आल्या जेसीबी सुरू केला आणि चर बुजवला. बाभळीच्या फांद्या ओढून काढताना त्याचे हात रक्तानं भरले. सरपंच येऊन म्हणाला, "अरे, समितीला न इचारता?" तो म्हणाला, "समिती गेली चुलीत."

वडील वाचले. दवाखान्यात प्राणवायूवर राहिले, घरी आले, पण जिना चढताना थांबायला लागले ते आजवर थांबतात. तिथल्या डॉक्टरनं मला समजावलं, "आधीचा आजार होता ना. फुफ्फुसावर जुन्या क्षयाचे डाग आहेत." बरोबर आहे. मेंढरं विकल्यावर विहीर पाडायला पैसा हवा म्हणून वडील खडी क्रशरवर राबले, धूळ खाल्ली, तिथंच क्षय झाला. "आधीचा आजार" हे शब्द मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकले की त्यांची मला चीड येते. जणू तो माणसाच्या स्वभावातच असतो. त्याला धूळ कुणी चारली, ते त्यात कुठंच येत नाही.

गावात कुजबुज सुरू झाली होती की मीच माळावर मेंढरांच्या वाड्यावर राहून आजार आणला. आम्हा माळावरच्या सगळ्यांची तपासणी झाली आणि कुणालाच काही निघालं नाही. मग तीच बोटं फिरली आणि सरपंचाच्या मेहुण्यावर स्थिरावली. देवळापुढे लोक जमले. लांब लांब उभे, पण सगळे तावात. "त्याला काढा बाहेर. त्यानंच आणला." सरपंच मान खाली घालून उभा होता. मेहुणा तर आलाच नव्हता. मुंबईत त्याचं काम सुटलं होतं, खोलीचं भाडं थकलं होतं, म्हणून तो बहिणीकडे आला होता.

सगळ्यांना वाटलं, आता ही बोलणार. मी बोललेच. "त्याच्यापासून आला की आणखी कुणापासून, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. आमचे टोमॅटो बाजारात गेले, दूध रोज बाहेर गेलं, नोटा हातोहात फिरल्या. त्याला बाहेर काढलंत तर मी माळावर झोपडी घालून देते, तो आमच्यात राहील. आमच्या पाठीवर जे शेकलं ते दुसऱ्याच्या पाठीवर शेकायला मी येणार नाही."

एक जण ओरडला, "तुझा बाप मरता मरता वाचला, आन तू त्याची बाजू घेतीस?"

"हो. घेते."

त्या संध्याकाळी सरपंच आमच्या घरी आला. ओट्याखालीच उभा राहिला. वडिलांना बरं आहे का विचारलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "आत्यांना सांग, मेंढरं आपल्या वावरात बसवा म्हणावं." माफी तेवढीच. आत्यानं निरोप ऐकला आणि त्याच्या वावरात मेंढरं बसवली नाहीत. शेजारच्या बाईच्या वावरात बसवली, जी तळ्यासाठी भांडली होती.

दुसऱ्या लाटेनंतर माझ्या विषयातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा फोन आला. मोठा प्रकल्प मिळत होता. भीमाशंकरकडच्या डोंगरात राहणाऱ्या जमातींत साथीचं प्रमाण फार कमी दिसतं, त्यांच्या रक्तात काही नैसर्गिक संरक्षण आहे का, ते शोधायचं. "तुम्हाला तो भाग माहीत आहे. नमुने गोळा करायचं काम तुम्हीच करा."

मी आधी नाही म्हटलं नाही. घोडेगावहून शिनोलीला गेले आणि तिथून जीपनं वरच्या एका वाडीत. भाताची आणि नाचणीची बारकी खाचरं, उतरणीला घरं. पूर्वी मुलांची उंची-वजनं मोजायला मी तिथं गेले होते, म्हणून एक बाई ओळखीची होती. तिच्या ओसरीवर बसले आणि विचारलं, "इथं आजार आला नाही म्हणतात, खरंय का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "कोण म्हंतं?"

"पुण्यात म्हणतात. तुमच्यात कुणाला झालाच नाही."

"माझा मालक गेला की. खोकत खोकत गेला. शेजारचा म्हातारा गेला. तपासनी कोण करणार? गाडी खालपसून वर यायला तयार न्हाई, आन खाली न्यायला आमच्याकडं काय व्हतं? आमचा माणूस कशानं गेला ह्ये इचारायला कुणी आलं न्हाई. आन आता म्हंता, आमाला झालाच न्हाई?"

 तिनं चहा ठेवला. चहा पिताना तिनंच विचारलं, "रगत घ्यायला आलीस का?"

"आले होते," मी म्हणाले. "आता नाही घेणार."

खाली येऊन शिनोलीच्या थांब्यावरूनच मी प्राध्यापकांना फोन लावला. म्हणाले, "सर, तिथं आजार झाला नाही असं नाही. तपासणी झाली नाही. रक्तात शोधायचं काही नाही, रस्त्यात शोधायचं आहे."

ते हसले. "हा समाजकार्याचा प्रश्न झाला. आपण जीवशास्त्र करतोय."

"उपाशी राहिलेल्याची हाडं बारीक होतात, हे जीवशास्त्रच आहे. डॉक्टर वर चढला नाही म्हणून माणूस मेला, हेही माझ्या लेखी जीवशास्त्रच आहे. यांना काटक ठरवलं की पुढच्या साथीला लस, गाडी, डॉक्टर सगळं यांना वगळूनच वाटलं जाईल. त्या कागदावर माझं नाव नको."

"भावनेच्या भरात बोलताय. विचार करा. पदोन्नतीचं वर्ष आहे तुमचं."

"विचार करूनच बोलतेय, सर."

त्यांनी फोन ठेवला. मी तिथं उभी राहून गरम भजी खाल्ली.  

लशीचं पथक वाडीवर यावं म्हणून मी त्यानंतर ज्या ज्या दारात उभी राहिले, त्या प्रत्येक दारात मला तेच ऐकवलं गेलं: ते लोक घेत नाहीत, त्यांना गरजही नसते. शेवटी एक तरुण नर्स म्हणाली, "मॅडम, जीप मिळवा, मी येते." जीप मिळवली. वाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. पहिले दोन तास कुणीच आलं नाही. मग ती बाई आली आणि टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझा मालक असताना का न्हाई आणली ही?"  ती आणखी बरंच काही बोलली, मोठमोठ्यानं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. कुणी तिला अडवलं नाही. बोलून झाल्यावर तिनं पदर सावरला, दंड पुढे केला आणि मागे वळून हाक मारली, "या गं, आपला हक्क हाये हा."

पदोन्नती मला त्या वर्षी मिळाली नाही. तो प्रकल्प दुसऱ्या कुणीतरी केला. त्यांचा लेख आला. त्यात डोंगरातल्या माणसांचं नैसर्गिक संरक्षण होतं आणि वर न चढलेल्या गाडीबद्दल अक्षर नव्हतं. मी उत्तर लिहिलं, ते कुणी छापलं नाही. मग मी ते वर्गात शिकवायला घेतलं. दर वर्षी शिकवते. मुलं विचारतात, "मॅडम, अभ्यासक्रमात आहे का हे?" मी म्हणते, "नाही. पण पेपरात विचारणार आहे." आणि विचारते.